आंब्याच्या बुंध्याशी बसून

अंगणातलं झाड आजारी आहे हे घरच्यांना बहुधा सावलीवरून कळतं. ज्या आंब्याखाली वर्षानुवर्षं वाळवणं घातली, दुपारची बाज टाकली, गाडी लावली, त्याच्याकडे मान वर करून रोज कोण बघतं? मग एखाद्या वैशाखात, जिथे कधी ऊन यायचं नाही तिथे फरशीवर हातभर कवडसा येऊन पडतो. सावलीला भोक पडलेलं असतं. वर बघावं तर शेंड्याकडची एक फांदी उघडी, डहाळ्या काळ्या पडलेल्या, आणि दोन-चार करपलेली पानं अजून देठाला लटकून.

तिथून पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. पानाचा फोटो दुकानात दाखवायचा, एक कीटकनाशक आणि एक बुरशीनाशक घेऊन यायचं, आणि हात पोचेल तेवढं झाड भिजवून काढायचं. वीस-तीस फुटांवरच्या शेंड्यापर्यंत घरचा पंप पोचत नाही, आणि पोचला तरी उपयोग नसतो. कारण ती फांदी आज मेलेली नसते. मोठं झाड साठवणीवर जगतं. खोडात आणि जाड मुळांत त्याने पिष्टाची शिदोरी बांधून ठेवलेली असते. मुळं तुटली, जमीन कोंडली, बुंध्यात कीड शिरली, तरी एक-दोन हंगाम त्या शिदोरीवर ते नेमाने पालवी काढतं, कधीकधी नेहमीपेक्षा जास्त मोहोरही धरतं. शिदोरी संपली की पानं बोलायला लागतात. म्हणून झाडाचं दुखणं शोधायचं ते जमिनीपासून वर आणि आजपासून मागे. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात, औषध जातं, आणि पुष्कळदा झाडही जातं.

त्याआधी, जे दुखणं नाही ते बाजूला काढावं. फाल्गुनात कडुनिंबाची पानं पिवळी होऊन झडतात आणि पंधरा-वीस दिवसांत तांबूस कोवळी पालवी फुटते. हा त्याचा दरवर्षीचा नेम आहे. आंब्याची नवी पालवीही जांभळट-तांबडी, मऊ आणि खाली लोंबणारी असते; ती पाण्यावाचून माना टाकते आहे असं वाटून बादल्या ओतल्या जातात. आंब्याचं जुनं पान वर्षभराहून अधिक जगून, पिवळं होऊन गळतं, तेही वयाने. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतो, हाही आजार नव्हे. आणि सालीवरचे करडे-हिरवे पापुद्रे बघून तर कित्येक जण घाबरतात, साल खरवडून काढतात. ती दगडफुलाची जात. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो त्याचंच भावंड. ते झाडाचा रस पीत नाही, सालीचा फक्त बसायला आधार घेतं. खरवडण्यामुळे सालीला जी जखम होते ती मात्र खरी असते.

एवढं वगळूनही शंका उरली तर विचारायचा पहिला प्रश्न झाडाविषयी नसतो, जागेविषयी असतो: गेल्या पाच वर्षांत इथे काय काय बदललं?

आधी "काही नाही" असंच उत्तर येतं. थोडं थांबलं की एकेक आठवायला लागतं. मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. कुंपणाच्या भिंतीचा पाया खणला. सेप्टिक टँक त्या कोपऱ्यातून या कोपऱ्यात आला. बोअरची गाडी झाडाखालून आत गेली होती. पावसाचं पाणी साचायचं म्हणून फूटभर मुरमाचा भराव टाकला. कोकणात अजून एक प्रश्न विचारावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं. जी झाडं पडली त्यांची मोजदाद झाली, पंचनामे झाले. जी हलून उभी राहिली त्यांच्या जमिनीखालच्या तुटलेल्या मुळांचा पंचनामा कोण करणार? त्यातली कित्येक झाडं पुढच्या तीन-चार वर्षांत शेंड्याकडून वाळत आली असतील, आणि त्या वाळण्याचा वादळाशी संबंध घरच्यांना लागला नसेल.

संबंध लागत नाही याचं कारण मुळांविषयीचं आपल्या डोक्यातलं चित्र. जेवढं झाड वर तेवढंच खाली, सरळ पाताळात गेलेलं, असं आपण धरून चालतो. बहुतेक झाडांची पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळं मात्र वरच्या एक-दीड फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तितकीच हवाही लागते. ढोबळ माप हवं असेल तर छातीच्या उंचीवर खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजावा. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास येतो. त्या व्यासाच्या बारापट अंतरापर्यंतची जमीन झाडाची समजावी. घेर १२६ सेंटिमीटर म्हणजे व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे खोडापासून चारी बाजूंना जवळजवळ पावणेपाच मीटर. बहुतेक अंगणांत एवढी उघडी माती नसतेच. पण कुठला चर या वर्तुळातून गेला आणि किती जागेवर कोबा झाला, हे चितारून बघितलं तर वाळलेली फांदी आणि खणलेला चर पुष्कळदा एकाच बाजूला निघतात. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडांच्या बुंध्यांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेवढा एक मीटर किमान आहे, पुरेसा नव्हे.

आता बुंध्याशी बसावं. खरंच बसावं, उभ्याने हे दिसत नाही. निरोगी झाडाचं खोड जमिनीला टेकताना रुंद होत जातं, हत्तीच्या पायासारखं, आणि जाड मुळं सुटताना दिसतात. खांब रोवल्यासारखं खोड सरळ मातीत घुसलेलं दिसलं तर बुंधा पुरला गेला आहे. भरावामुळे, वर्षानुवर्षं आळ्यात टाकलेल्या मातीमुळे, नाहीतर हौसेने बांधलेल्या पारामुळे. वड-पिंपळ पारातल्या मातीतही नवी मुळं सोडून निभावून नेतात. आंब्याला ते साधत नाही. त्याची खोडाची साल सतत ओल्या मातीत राहिली की मऊ पडते, काळी होते, खाली बुरशी शिरते. अशी माती कुदळीने ओढू नये. खुरप्याने आणि शेवटी हाताने, जुन्या ब्रशने, फुगीर भाग उघडा पडेपर्यंत काढावी. काढताना एखादं मूळ बुंध्यालाच वेटोळं घालून आवळत असलेलं सापडतं. रोपवाटिकेतल्या काळ्या पिशवीत गोल गोल फिरलेलं ते मूळ, पिशवी फाडून तसंच लावलं होतं, आणि आता झाड आणि मूळ दोघंही जाड झाल्यावर ते फास बनलं आहे. अशा झाडाचं खोड त्या बाजूला चपटं असतं. मूळ बोटाएवढं असेल तर छिन्नीने तोडून काढता येतं. मनगटाएवढं असेल तर तोडण्याआधी जाणत्याला दाखवावं, कारण तेवढ्या जाड मुळावर झाडाचा तोलही असू शकतो.

मग फांद्यांच्या घेराच्या कडेला एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्यावा. पहारीने नव्हे, खुरप्याने. पेन्सिलीएवढं मूळ लागलं की त्याची साल नखाने खरवडावी. आत पांढरट-पिवळसर आणि ओलसर असेल तर जिवंत. साल हाताबरोबर मोज्यासारखी सरकून आली आणि आत काळं असेल तर मेलेलं. माती नाकाशी धरावी. चांगल्या मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, कोंडलेल्या मातीला आंबूस, सडक्या अंड्यासारखा. मग खड्डा पाण्याने भरावा, ते जिरलं की पुन्हा भरावा. दुसरं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर झाड बुडतं आहे, आणि त्याची पानं पिवळी पडलेली बघून आपण त्याला आणखी पाणी घालत असण्याचा संभव मोठा आहे. घाटावरच्या काळ्या मातीत हे सर्रास होतं. पाणी जास्त झालेल्या झाडाची आणि कमी पडलेल्या झाडाची पानं दुरून सारखीच दिसतात, फरक फक्त खड्डा सांगतो. जांभ्याच्या कातळावरच्या बागेत उलट तक्रार: पाणी टिकतच नाही, खाली मुळांना जागाच नसते.

जमिनीचं झालं की नजर सालीवर फिरवावी, खोडाला एक पूर्ण फेरी घालत. इथे मला सर्वात जास्त थांबावंसं वाटतं, कारण आंब्याला आतून पोखरणारा शत्रू इथेच आपली निशाणी टाकतो.

निशाणी म्हणजे भुसा. बुंध्याशी पडलेला भुसा चिमटीत घेऊन तळव्यावर पसरून बघावा. मैद्यासारखी बारीक पूड असेल, आणि सालीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतील, तर ते बारके भुंगेरे. ते आधीच खचलेल्या झाडावर येतात, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायचं. भुसा सालीलाच चिकटून, जाळ्याने विणलेल्या तपकिरी पट्ट्यासारखा नागमोडी गेला असेल आणि पट्टा फांदीच्या बेचक्यातल्या भोकात संपत असेल, तर ती साल खाणारी अळी. दिवसा भोकात बसते, रात्री त्या छपराखालून हिंडत साल खाते. आणि भुसा जाडा असेल, चावून थुंकलेल्या उसाच्या चोयट्यांसारखा, ओला, तांबूस, तंतूतंतूंचा, तर तो खोडकिडा. कोकणात त्याला भिरूड म्हणतात.

भिरुडाचा भुंगेरा दोन इंचांपर्यंत लांब, करड्या रंगाचा, शरीराहून लांब शिंगांचा, मानेवर दोन तांबडे ठिपके असलेला. पावसाळ्याच्या सुमारास मादी सालीतल्या भेगेत, कोयत्याच्या घावात, खिळ्याच्या जखमेत अंडी घालते. अळी आधी सालीखालचा रसाळ थर खाते, मग लाकडात शिरते आणि महिनोन्‌महिने बोगदे पाडते. पूर्ण वाढलेली अळी बोटाएवढी जाड, तीन-चार इंच लांब, दुधी रंगाची, पुढचं तोंड मात्र काळं आणि कडक. सालीखालचा तो रसाळ थर म्हणजे पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे नेणारी वाट. अळीने खोडाभोवती फेरी पूर्ण केली की वाट तुटते आणि मुळं उपाशी मरतात. लहान कलमाला एक अळी पुरते. जुन्या झाडात चार-पाच एकदम नांदत असतात, आणि वरची एखादी फांदी वाळेपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही.

ती काढायची कशी ते नीट सांगायला हवं, कारण इथे घाई झाली की किड्यापेक्षा माणूसच झाडाला जास्त जखमा करतो. आधी बुंध्याशी पडलेला जुना भुसा सगळा झाडून काढावा आणि पांढरं फडकं किंवा गोणपाट अंथरावं. दुसऱ्या दिवशी ताजा भुसा कुठे पडला ते दिसतं आणि तिथून सरळ वर बघितलं की ओलं भोक सापडतं. सालीला बोटाने दाबत जावं. जिथे पोकळ लागतं, दबते, तिथली तेवढीच सैल साल धारदार सुरीने कापावी. सायकलच्या चाकाची तार घेऊन तिचं टोक गळासारखं वाकवावं आणि भोकात हळूहळू सारावं. बोगदा बहुधा वळण घेतो, तार अडली की जोर न लावता फिरवावी. अळी टोचली गेली तर ओलसर, मऊ अडथळा हाताला जाणवतो आणि तारेला पांढरट पाणी लागून येतं. अळी ओढून निघाली तर उत्तम, नाही निघाली तरी आत चिरडली तर काम झालं. मग भोकात रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ढकलून तोंड चिकणमातीने लिंपावं. जुन्या पत्रकांत इथे डायक्लोरव्हॉस वापरायला सांगितलेलं आढळतं. भारतात २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे, ते शोधत बसू नये. दुसरं कुठलं औषध सोडायचंच असेल तर दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या चालू शिफारशी बघून, डब्यावरच्या प्रमाणातच. सगळं झालं की फडकं झटकून पुन्हा अंथरावं. आठ दिवसांत त्यावर नवा ओला भुसा पडला तर आत आणखी एक आहे.

सालीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. ती बहुधा मेलेली वरची साल खात असते. झाडूने नळ्या पुसाव्यात आणि खालची साल दाबून बघावी. घट्ट असेल तर काळजीचं कारण नाही; पोकळ वाजली तर वाळवी आली ती कुजलेल्या लाकडाच्या वासाने, आणि ते कुजणं आधीचं आहे. डिंकाचंही तसंच. डिंक म्हणजे झाडाने जखमेला दिलेलं उत्तर. तो पुसून टाकणं निरर्थक. त्याखालची साल काळी, मऊ आहे का, भुसा आहे का, की नुसता कोयत्याचा घाव आहे, ते बघायचं.

आता फांद्या. वाळत चाललेल्या डहाळीची साल नखाने खरवडली की आत हिरवं आणि ओलं दिसतं तिथवर ती जिवंत आहे. टोकापासून खाली दर वीतभरावर खरवडत यावं. हिरवं जिथे सुरू होतं तिथे सीमा. त्या सीमेजवळ डहाळी कापून आडवा काप बघितला आणि लाकडात तपकिरी डाग किंवा वलय दिसलं, पानं कडेने वर वळून, तपकिरी होऊन तशीच लटकत राहिली असतील, तर ती शेंड्याकडून मर आणणारी बुरशी. आंब्यावर ही पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जोर करते, आणि ऊन-पाण्याचा ताण बसलेल्या झाडावर जास्त. डाग संपल्यावर आणखी तीन इंच निरोगी लाकूड घेऊन कापायचं. दर कापानंतर कात्री-करवत स्पिरिटने पुसायची, नाहीतर आपणच ती बुरशी फांदीफांदीला टोचत जातो.

आंबा आपली वाढ लिहूनही ठेवतो, ते वाचायला शिकावं. पालवीच्या प्रत्येक फुटीच्या शेवटी पानं दाटीने एकत्र येतात आणि डहाळीवर बारीक कड्यांची गाठ राहते. टोकापासून मागे अशा तीन-चार गाठींमधलं अंतर पट्टीने मोजावं. मागच्या फुटी वीतभर आणि अलीकडच्या दोन-तीन बोटं, असं असेल तर झाड किती काळापासून खचत आहे हे पानावर एकही डाग नसताना कळतं. कमकुवतपणाची याहून प्रामाणिक खूण मला दुसरी माहीत नाही.

वर बघताना आणखी एक ध्यानात ठेवावं: सगळं झाड, एक बाजू, की एकच फांदी? सगळं झाड एकसारखं फिकं असेल तर कारण जमिनीत किंवा पाण्यात. एक बाजू असेल तर त्या बाजूचं मूळ किंवा खोडाची ती बाजू. एकच फांदी असेल तर त्या फांदीच्या बेचक्यापर्यंत मागे यावं. पानांचं पानांपुरतं सांगायचं तर थोडक्यात आटपतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुधा चुनखडीच्या जमिनीत लोह अडकलं आहे. कडा जळाल्यासारख्या म्हणजे खारं पाणी किंवा खारा वारा. पान काळं दिसत असेल तर ओल्या फडक्याने पुसावं. काजळी निघून खाली हिरवं पान आलं तर ती तुडतुड्यांच्या किंवा पिठ्या ढेकणाच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी आहे, पानाला रोग नाही. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर तिच्या मागोमाग नजर न्यावी, ती त्या स्रावाकडेच घेऊन जाते.

कडुनिंबाची गोष्ट इथेच सांगून टाकतो. पावसाळ्याच्या शेवटी अख्ख्या झाडाचे शेंडे भाजल्यासारखे तपकिरी होतात. तेलंगणात २०२१-२२ च्या सुमारास हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं आणि कडुनिंब संपणार अशी हाय खाल्ली गेली. फोमॉप्सिस नावाची बुरशी आणि ढेकण्या नावाचा किडा, काजूवर येतो तोच, अशा दोघांचं ते काम. बहुतेक झाडं पुढच्या पालवीला सावरतात. वाळलेले शेंडे कापून जाळावेत आणि थांबावं. तपकिरी शेंडे बघून उभं झाड तोडणं हा त्यातला सगळ्यात वाईट उपाय.

बांडगुळाबाबत मात्र थांबू नये. हिवाळ्यात आंब्यात मध्येच वेगळ्या रंगाचा, जाड पानांचा, नारिंगी-लाल नळीसारख्या फुलांचा झुबका दिसतो. त्याची पानं हिरवी असतात, अन्न तो स्वतः करतो, पण पाणी आणि क्षार आंब्याचे घेतो. फळातला चिकट गर फुलटोचा फांदीवर पुसतो आणि बी तिथेच रुजते. नुसता झुबका ओरबाडला तर फांदीत शिरलेल्या त्याच्या मुळ्या पुन्हा फुटतात. फांदीवर जिथे गाठ आली आहे तिच्या मागे, खोडाच्या बाजूला, फूटभर अंतर सोडून फांदीच कापावी, आणि फळं पिकायच्या आत.

एक निशाणी मात्र अशी की ती दिसली की आधी झाडाखालची बाज आणि गाडी हलवावी. बुंध्याशी किंवा खोडावर उगवलेली कठीण, फळीसारखी अळंबी. फणसावर येणाऱ्या अशाच एका अळंबीला फणसोंबा म्हणतात आणि ती औषध म्हणून जपून ठेवतात. पण झाडाच्या दृष्टीने तिचा अर्थ आतलं लाकूड कुजलं आहे. बुंध्याशी आलेली लाखेसारखी चकचकीत तांबडी-तपकिरी, पांढऱ्या कडेची अळंबी ही गॅनोडर्मा. गुलमोहरावर ती विशेष, आणि त्याचं लाकूडही ठिसूळ. अळंबी तोडून फेकल्याने काहीच बदलत नाही, बुरशी आत आहे. लाकडी हातोडीने खोड खालून वर ठोकत यावं. भरीव आवाज बदलून ढोलासारखा झाला ती उंची खडूने आखावी. पोकळ झाड लगेच पडतं असं नाही. ढोबळ नियम असा की निरोगी भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांशाच्या खाली गेली की धोका वाढतो: ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडात सगळीकडे निदान दहा सेंटिमीटर घट्ट लाकूड हवं. झाड नव्याने कललेलं, कलाच्या उलट बाजूची जमीन फुगलेली किंवा चिरलेली असेल तर मात्र मोजत बसू नये, जाणता माणूस बोलवावा. शहरात झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठी छाटणी असेल तरी आधी विचारावं.

कापायचं कसं, याबद्दल अमेरिकेच्या वनसेवेतल्या ॲलेक्स शिगो यांचे झाडं जाणणाऱ्या सगळ्यांवर उपकार आहेत. असंख्य झाडं उभी-आडवी चिरून त्यांनी दाखवलं, आणि १९७७ मध्ये सविस्तर मांडलं, की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं, त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ती भिंत घालायची ताकद फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर, सुरकुतलेल्या कॉलरमध्ये असते. खोडाशी सपाट, "स्वच्छ" कापलं तर ती कॉलर जाते. हातभर खुंट ठेवला तर तो कुजून आत वाट करून देतो. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून फांदीच्या एक तृतीयांश जाडीपर्यंत काप. मग त्याच्या दोन बोटं पुढे वरून काप, फांदी खाली येईल आणि साल सोलणार नाही. शेवटी उरलेला खुंट कॉलरच्या अगदी बाहेरून. आंब्याच्या चिकाने कातडी भाजते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच.

कापावर डांबर, ऑइलपेंट लावू नये. पोकळीत सिमेंट तर मुळीच भरू नये, ते आत ओल धरून ठेवतं आणि झाड हललं की भिंती घासतं. आपल्या पावसात बोर्डो पेस्टचा एक हात द्यावा असं माझं मत आहे. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नको. चुना फसफसून तापतो, तो निवू द्यावा, गाळावा. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळावं. घासलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी चुन्याची निवळी घालावी. पेस्ट त्याच दिवशी वापरावी, उद्यापर्यंत ती कामाची राहत नाही.

एवढं सगळं करूनही खरी शुश्रूषा जमिनीतच करायची असते. शक्य तेवढ्या फरश्या उचलाव्यात. माती दाबली गेली असेल तर मुळं चुकवत, दोन-दोन फुटांवर पहारीने फूटभर खोल भोकं पाडून ती कुजलेल्या शेणखताने भरावीत. त्यावर तीन-चार इंच पालापाचोळा, बुंध्यापासून वीतभर लांब. त्याच आंब्याचा पाला रोज गोळा करून जाळणाऱ्यांना हे सांगताना माझा जीव तुटतो. आजारी झाडाला युरियाचा डोस देऊ नये, कोवळी फूट काढायला त्याची उरलीसुरली शिदोरी खर्च होते. पाणी बुंध्याशी नको, फांद्यांच्या घेराखाली. चाळीस चौरस मीटर उघड्या मातीला २५ मिलिमीटर पाणी म्हणजे एक हजार लिटर. एप्रिल-मेमध्ये पंधरा दिवसांतून एकदा एवढं सावकाश मुरवलं तर रोजच्या दोन बादल्यांपेक्षा खूप जास्त उपयोग होतो. आंब्याला मोहोरासाठी हिवाळ्यात पाण्याचा ताण लागतो, पण झाड खचलेलं असेल तर त्या वर्षीच्या मोहोराची आशा सोडायची तयारी ठेवावी.

मग दर वर्षी कार्तिकात, पाऊस सरल्यावर, त्याच जागी उभं राहून एक फोटो काढावा आणि त्याच चार डहाळ्यांची फूट मोजावी. कापलेल्या फांदीच्या तोंडाभोवती नव्या सालीची गोल कडा चढायला लागते. पहिल्या वर्षी ती दोऱ्याएवढी असते, दुसऱ्या पावसानंतर तिच्यावर अंगठा फिरवला तर गुळगुळीत, थंड, फुगीर लागते. ती सगळीकडून सारखी चढत असेल तर झाडाने तुमचा काप मान्य केला. एका बाजूला ती थांबली असेल तर त्या बाजूने सरळ खाली, जमिनीपर्यंत, पुन्हा बघत यावं.